भैकेराचं तोंड वाकडं दिसतंय: जनुकाचा दोष की माझ्या फवारणीचा?

कादवाकाठचा

राम राम मंडळी. एरवी मी इथे छाटणीच्या आणि भुरीच्या (वेलीवरच्या बुरशीच्या रोगाच्या) धाग्यांवर असतो. आजचा प्रश्न आडवाटेचा आहे, हसू नका.

दिंडोरी तालुक्यात माझी साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. खालच्या अंगाला अस्तराचं शेततळं. अस्तरावर पाय ठरत नाही म्हणून बेडूक तळ्यात नांदत नाहीत, पण तळ्याच्या सांडव्याखाली दरवर्षी मृगात गुडघाभर डबकं साचतं. यंदा पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री तिथे मोठे बेडूक जमले. नर हळदीसारखे पिवळे, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे. पहाटेपर्यंत असे ओरडले की आई म्हणाली, यापेक्षा वरातीचा डीजे परवडला.

दोन आठवड्यांत डबकं भैकेरांनी भरलं. (आमच्याकडे बेडूकमासे म्हणतात, भैकेर हा शाळेच्या पुस्तकातला शब्द.) मग पावसानं ओढ दिली आणि डबकं आटायला लागलं. धाकटी लेक नाशिकला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्राणिशास्त्र. ती घरीच होती. तिनं गाळणीनं चाळीसेक पिल्लं उचलली आणि निळा ड्रम आडवा कापून केलेल्या टाकीत डबक्याच्याच पाण्यासकट सोडली. उकडलेला पालक, अंड्याचा बलक, अशी सरबराई चालू. माझ्या लहानपणी माझी एवढी झाली नव्हती.

आता मूळ मुद्दा. गेल्या चार दिवसांत काहींची तोंडं विचित्र दिसताहेत. आधी ओठात काळी चोच असायची, ती सात-आठ जणांना नाहीच. तोंड फाटल्यासारखं रुंद. आणि दोघांचा खालचा जबडा सरळ सरळ डावीकडे गेलेला.

लेकीनं तिच्या शिक्षणाप्रमाणे निदान केलं. म्हणे बेडकाच्या जबड्याचा सांधा सांभाळणारं एक जनुक असतं, बॅपएक्स१, त्यालाच एनकेएक्स३.२ पण म्हणतात. प्रयोगशाळेत ते बंद पाडलं की वरचा आणि खालचा जबडा एकमेकांना चिकटतो. वर मला सांगते, "पप्पा, तेच जनुक तुमच्या कानात पण आहे."

तर तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, माझ्या भैकेरांचं हेच जनुक बिघडलं असेल का? दोन, भुरीसाठी मी हेक्झाकोनॅझोल हे बुरशीनाशक मारतो, बाग डबक्यापासून वीस पावलांवर, त्याचा यात हात आहे का? तीन, कानाचं ती खरं सांगते की बापाची फिरकी घेते?

सिडकोकर

दादा, द्वारकेच्या सिग्नलला अर्धा तास उभं राहिलं की माझाही जबडा डावीकडे जातो. त्यात जनुकाचा काही दोष नाही.

बाकी धागा वाचतोय. मोबाईलवर फोटो काढता आला तर टाका.

खडूफळा

मी नाशिकमध्ये बरीच वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, आता निवृत्त. २०१४ मध्ये यूजीसीनं पदवीच्या वर्गातलं प्राण्यांचं विच्छेदन बंद केलं त्याच्या आधीच्या काळातला माणूस, म्हणजे बेडूक आतून-बाहेरून पाहिलेला. तुमच्या मुलीचं कौतुक वाटलं. पण निदान सांगण्याआधी मला चार गोष्टी कळायला हव्यात.

ज्यांची चोच गेली त्यांना पाय आलेत का? मागचे नव्हे, पुढचे. ते अजून बाहेर नसतील तर कल्ल्यांच्या बाजूला कातडीखाली कोपराचा फुगवटा दिसतो का? वाकड्या जबड्याचे जे दोन आहेत त्यांना पाय आहेत का? आणि तो निळा ड्रम आधी कशाचा होता?

कादवाकाठचा

सर, चौथा प्रश्न वाचून पोटात गोळा आला. ड्रम फवारणीचं औषध कालवायचा होता. तीन वेळा धुतला होता, उन्हात ठेवला होता, पण होता तोच. लेकीला मी हे सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. घरात सध्या बोलणं बंद आहे.

बाकीचं आत्ता बॅटरी घेऊन बघून आलो. चोच गेलेल्या आठपैकी पाच जणांना पुढचे पाय फुटलेत, तिघांना कोपर टेकल्यासारखा उंचवटा दिसतो. शेपटीही बारीक झाली आहे. वाकडे दोघे मात्र नुसते शेपटीवाले, मागच्या पायांचे कोंब दिसतात तेवढेच.

खडूफळा

मग आठांची काळजी सोडा. ते बेडूक होताहेत.

भैकेराची काळी चोच हाड नव्हे, दातही नव्हे. आपल्या नखांत असतं तेच केराटिन. पुढचे पाय बाहेर यायच्या सुमारास ती गळून पडते. त्याच दिवसांत तोंड मागे मागे फाटत जातं, डोळ्याच्याही पलीकडे. चोचीनं ओरबाडणाऱ्या तोंडाचं किडे गिळणारं तोंड व्हायचं म्हणजे एवढी मोडतोड आलीच. हे सगळं थायरॉइडच्या संप्रेरकाच्या हुकमानं चालतं. गुडरनाच नावाच्या शास्त्रज्ञानं १९१२ मध्ये भैकेरांना थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली तर ती वेळेआधीच बेडूक व्हायला लागली. या दिवसांत ती खातही नाहीत, शेपटी जिरवून जगतात. बलक टाकू नका, पाणी नासेल. त्यापेक्षा टाकीत एक दगड तिरका ठेवा, नाहीतर पाय आलेली पिल्लं बुडून मरतील. सगळ्यात आधी ड्रम बदला. साधा धुण्याचा टब चालेल.

आता जनुकाकडे येतो. तुमची मुलगी अर्ध्याहून जास्त बरोबर आहे.

भैकेराची कवटी सुरुवातीला हाडाची नसतेच, सगळी कूर्चा. तुमच्या-माझ्या नाकाच्या शेंड्याला हात लावा, तसलं लवचिक. ही कूर्चा ज्या पेशींपासून होते त्या मुळात जबड्यात नसतात. पाठीच्या बाजूला मज्जातंतूंची नळी मिटत असते, तिच्या कडेवरून त्या सुटतात आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंनी तीन ओहोळांत खाली उतरतात. पहिला ओहोळ जबड्याचा, दुसरा जिभेखालच्या भागाचा, तिसरा कल्ल्यांचा. झेनोपस नावाचा आफ्रिकेतला बेडूक प्रयोगशाळांत पाळतात. त्याच्यात हा प्रवास अंडं फलित झाल्यावर साधारण पहिल्या दीड दिवसात उरकतो. हा दीड दिवस लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पहिल्या ओहोळातून वर एक आणि खाली एक अशा दोन कूर्चा घडतात. खालची ती मेकेलची कूर्चा, वरची ती तालूच्या बाजूची. दोघींच्या मध्ये सांधा. एनकेएक्स३.२ हे जनुक नेमकं त्या मधल्या पट्ट्यात चालू असतं.

ते काय करतं हे जर्मनीतल्या येना विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी २०१८ मध्ये छापलं. त्यांनी तीन प्राणी घेतले: झेनोपस, पोटावर लाल-काळे ठिपके असलेला एक आशियाई भेक आणि मेक्सिकोचा ॲक्झोलोटल, म्हणजे बेडकाचा शेपटीवाला नातलग. तिघांच्या अंड्यांत या जनुकाचा आवाज दाबला. मला वाटलं होतं सांधा मुळात होणारच नाही. पण तसं झालं नाही. दोन्ही कूर्चा आधी व्यवस्थित वेगवेगळ्या झाल्या. मधली फटसुद्धा पडली. नंतर त्या फटीत कूर्चेच्या पेशी भरत गेल्या आणि दोन्ही कूर्चा एकजीव झाल्या.

तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला हे माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपेक्षा लवकर कळेल. पालखेडच्या पाटाची चारी एकदा खोदली म्हणून ती कायम वाहते का? गाळ येतो, गवत माजतं, दोन हंगामांत चारी आणि बांध एक होऊन जातात. हे जनुक चारी खोदणारं नाही, गाळ काढत राहणारं आहे. बत्तीस मिनिटांच्या तासाला मी हा फरक वर्गात कधी नीट सांगू शकलो नाही, कारण मलाच तो तेव्हा माहीत नव्हता. आमच्या पुस्तकांत "जनुक अमुक अवयव बनवतं" एवढंच असायचं.

आणखी एक गंमत त्याच निबंधात आहे. सांधा बुजला तरी ती पिल्लं खात होती, श्वास घेत होती. जबडा चालत होता. म्हणजे हे जनुक बिघडलं तर तोंड डावीकडे वळेल असं समजायला आधार नाही. फार तर ते थोडं आखडेल. तुमच्या दोघांचं तोंड वळलंय, म्हणून माझा संशय या जनुकावर कमी आहे.

मग कशावर आहे? पहिला संशय साध्या इजेवर. तुमचे पिवळे बेडूक म्हणजे आपला भारतीय बुलफ्रॉग. त्याची पिल्लं मांसाहारी असतात, एकमेकांनाही सोडत नाहीत. चाळीस जणांना अर्ध्या ड्रमात कोंडल्यावर चावाचावी होणारच. दुसरा संशय कायट्रिड बुरशीवर. ती सह्याद्रीत नोंदवली गेली आहे आणि भैकेरांच्या तोंडातलं केराटिनच खाते. त्यात चोच झिजते, तुटते, एका अंगाला उरते, आणि वरून पाहणाऱ्याला जबडाच वाकडा वाटतो. म्हणून काचेच्या वाटीत घालून खालून बघा, भिंगानं. चोच तुटकी आहे की आतली कूर्चाच वळलेली आहे ते वेगळं कळायला हवं. आणि काही झालं तरी ही पिल्लं दुसऱ्या कुणाच्या तळ्यात सोडू नका. जिथली तिथेच.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला मी बगल देणार नाही. भुरीची ती औषधं ट्रायाझोल गटातली. २००५ मध्ये मिलानच्या संशोधकांनी त्याच गटातली दोन बुरशीनाशकं, ट्रायाडिमेफॉन आणि ट्रायाडिमेनॉल, झेनोपसच्या भ्रूणांना देऊन पाहिली, आणि चेहऱ्याच्या कूर्चांत दोष आले. दोष आले ते मी वर सांगितलेल्या ओहोळांच्या वाटेवर. तेव्हा "औषधाचा काही संबंध नसतो" असं दुकानदार म्हणाला तर ऐकू नका. पण प्रयोगात भ्रूण मोजलेल्या मात्रेत बुडवलेले असतात, आणि तेही अगदी कोवळ्या वयात. तुमच्या डबक्यात मात्रा किती होती हे पाणी तपासल्याशिवाय बोलता येत नाही. ड्रमाचा दोष मात्र मी धरत नाही. पिल्लं ड्रमात गेली तेव्हा दोन आठवड्यांची होती, तो दीड दिवस केव्हाच उलटून गेला होता. प्रश्न असा की बेडूक ओरडले त्या रात्रीच्या आगेमागे तुम्ही फवारणी केली होती का? वही बघा.

कानाचं_मशीन

कानाच्या प्रश्नाला मी उत्तर देऊ का? शरणपूर रोडला एका कानाच्या दवाखान्यात ऐकू येण्याच्या तपासण्या करते. रोज दहा-बारा लोकांचे पडदे बघते.

तुमची लेक फिरकी घेत नाही. पडद्याच्या मागे तीन हाडं असतात, हातोडी, ऐरण आणि रिकीब. त्यातली हातोडी आणि ऐरण म्हणजे आपल्या पूर्वजांच्या जबड्याचा सांधाच. रायशर्ट नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं १८३७ मध्येच डुकराच्या भ्रूणांत हे पाहून सांगितलं होतं. बेडकात, सरड्यात, कोंबडीत तो सांधा अजून तोंड उघडायचं काम करतो. आपल्याकडे जबड्याला दुसराच सांधा मिळाला आणि जुना कानात बदली होऊन गेला. बेडकाच्या कानात म्हणून आपल्यासारखी तीन हाडं नाहीत, रिकिबीच्या जातीचं एकच.

सरांना एक विचारायचं होतं. हे जनुक नसेल तर आपली हातोडी आणि ऐरणही चिकटतात का? तसे पेशंट येतात आमच्याकडे, जन्मतः चिकटलेले.

खडूफळा

ताई, छान सांगितलंत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मलाही उलटंच वाटलं होतं. उंदरात हे जनुक हातोडी-ऐरणीच्या सांध्यात चालू असतं, पण काढून टाकलं तरी तो सांधा बुजत नाही. पडद्याला धरणारं कडं अपुरं राहतं, हातोडी थोडी अरुंद होते, एवढंच. माशात, कोंबडीत, बेडकात सांधा जातो, उंदरात राहतो. बदलीच्या ठिकाणी गेल्यावर कामाचं स्वरूप बदललं. माणसात या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर दुखणं मुख्यतः मणक्यात आणि लांब हाडांच्या टोकांत दिसतं. तेव्हा तुमच्या पेशंटचं कारण बहुधा वेगळं.

जनुकाला चालू करणारा जो लहानसा खटका डीएनएमध्ये असतो, त्यावर २०२२ मध्ये स्वीडनच्या उप्सालाहून काम आलं. जबडा असलेल्या बहुतेक प्राण्यांत तो सापडतो. लॅम्प्रे आणि हॅगफिश या बिनजबड्याच्या माशांत मात्र सापडत नाही. त्यांनी शार्कच्या जातभाईंचा आणि सस्तन प्राण्यांचा खटका काढून झेब्रामाशाच्या पिल्लात बसवला, तर तो बरोबर जबड्याच्या सांध्यातच पेटला. सस्तन प्राण्यात तो सांधा कधीच कानात गेलाय, तरी खटक्याला जुना पत्ता पाठ आहे.

आणि भैकेराची एक गोष्ट सांगायचीच राहिली. त्याच्या खालच्या जबड्यात आपल्याला नसलेला आणखी एक सांधा असतो. चोच ज्यावर बसते तो पुढचा छोटा कूर्चेचा तुकडा वेगळा, मेकेलची कूर्चा वेगळी, दोघांत सांधा. त्यामुळे ओरबाडताना खालचा जबडा मधेच मोडल्यासारखा हलतो. हा जादा सांधा याच जनुकाच्या मदतीनं आला असावा असा तर्क २००५ पासून आहे, आणि येनाच्याच लोकांनी जनुकाची पातळी वाढवून पाहिली तेव्हा जबड्यात कूर्चेचा एक जादा तुकडा उगवला. काचेच्या वाटीत खालून बघाल तेव्हा तो मधला वाक नक्की बघा. तोही अनोळखी माणसाला "वाकडा जबडा" वाटू शकतो.

सिडकोकर

माझा विनोद मागे घेतो. शरणपूर रोडच्या ताई, तो दवाखाना रविवारी चालू असतो का? आईला दाखवायचंय.

कानाचं_मशीन

रविवारी नाही. व्यक्तिगत निरोप करा.

कादवाकाठचा

उशिरा आलो, माफी असावी. मधे पाऊस सुरू झाला आणि बागेत डावणी रोगानं डोकं वर काढलं.

वही बघितली. बेडूक ओरडले ती रात्र लेकीनं तिच्या मोबाईलमध्ये रेकॉर्ड केली होती, म्हणून तारीख पक्की आहे. त्याच्या आदल्या सकाळी मी ब्लोअरनं औषध मारलं होतं. हेक्झाकोनॅझोलच. संध्याकाळी धो धो पाऊस झाला आणि बागेचं पाणी उताराला कुठे जातं हे मला सांगायची गरज नाही. लिहायला बरं वाटत नाही, पण सरांनी सरळ विचारलं म्हणून सरळ लिहितो.

लेकीनं वाकड्या दोघांना काचेच्या वाटीत घालून खालून मोबाईलला भिंग लावून पाहिलं. एकाची चोच अर्धी तुटलेली, आतला जबडा सरळ. सर म्हणाले तसं चावणं तरी असेल नाहीतर बुरशी. दुसऱ्याची चोच धड आहे, पण जबडाच वळलेला. दोन्ही बाजूंच्या कूर्चा सारख्या नाहीत हे मलासुद्धा दिसलं. चाळिसात एक. एकावरून काही सिद्ध होत नाही असं तीच म्हणाली, आणि पुढच्या मृगात काय करायचं तेही तिनं ठरवून टाकलंय. एकाच पुंजक्यातली अंडी निम्मी विहिरीच्या पाण्यात, निम्मी डबक्याच्या पाण्यात, पहिल्या दिवसापासून. मला फक्त टब आणायला सांगितलंय, आणि डबक्याच्या बाजूच्या चार ओळी पहिल्या पावसात फवारायच्या नाहीत अशी सक्त ताकीद आहे. चार ओळींना गंधकाची धुरळणी करून बघेन म्हणतो.

पाय फुटलेले सगळे सांडव्याखाली सोडले, तिथे आता पुन्हा पाणी आहे. ड्रमाला खालून भोकं पाडली, कुणी परत वापरायला नको. बोलणं सुरू झालंय.

जबडा वळलेला तेवढा टबात एकटा ठेवलाय, बाकीच्यांत ठेवला तर खातील त्याला. लेक परवा हॉस्टेलला गेली, तेव्हापासून त्याचं बघणं माझ्याकडे. बलकाचा कण टाकला की तिरका तिरका येतो, एकदा चुकतो, दुसऱ्यांदा धरतो. आज सकाळी मागचे पाय जरा मोठे वाटले.